आमच्या गाडीचं अ‍ॅव्हरेज

पेट्रोल वाचवलं की नेमकं किती वाचतं, हे मला अजून छातीठोकपणे सांगता येत नाही. पण किस्से मात्र ढीगभर साचतात! इंजिनात कार्बन साचतो ना, तसे. वेळच्या वेळी काढून टाकले नाहीत तर माणूस आचके द्यायला लागतो. म्हणून आज साफसफाईला बसलोय. आणि आधीच सांगून ठेवतो, ह्यातल्या बहुतेक किश्शांत वेडा एकच आहे, आणि तो तुमच्यासमोर बसलाय.

मी जोशी सर. हायस्कूलला विज्ञान शिकवायचो. राहायला जुळे सोलापुरात आणि शाळा अक्कलकोटच्या अलीकडच्या एका गावात. रोज माझ्या गाडीनं जाणं-येणं, आणि गाडीत आम्ही चौघं. मी चालवणार. शेजारी शेख सर, पीटीचे. गळ्यातली शिट्टी आंघोळीलाच काय ती निघते, असं त्यांच्या घरचे सांगतात. मागं कोंडा सर, गणिताचे. भवानी पेठेत राहतात, घरी तेलुगू, भावाचे टॉवेलचे माग आहेत. बोलतात कमी, पण बोलले की समोरचा गपगार! त्यांच्या शेजारी बिराजदार मॅडम. वर्गात शिकवतात ती मराठी एकदम पुस्तकातली, पण गाडीचं दार लागलं की माहेरची अक्कलकोटकडची बोली सुरू. ही तिघं अक्कलकोट रोडला नाक्यावर उभी राहायची, तिथून मी त्यांना घ्यायचो.

पेट्रोल आळीपाळीनं भरायचं हा चौघांचा ठराव होता. ते वाचवायचं कसं, हे खातं मात्र मी स्वतःकडं घेतलं होतं. कोणी दिलं नव्हतं!

हे सगळं माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षातलं. मुलगा बंगळुरूला. बायको वसुधा, तिची भिशी, भजनी मंडळ, शिवणाचा क्लास. माझ्यासाठी तिच्याकडं रविवारची दुपार असते, तीसुद्धा ती झोपून काढते. घरात माझं बोलणं ऐकायला पंख्याशिवाय कोणी नाही, आणि तो मीच बंद करत फिरतो. त्यामुळं दिवसभरात माझं खरं बोलणं व्हायचं ते त्या गाडीत. मे महिन्यात रिटायर झालो की हे संपणार, म्हणून मी कॅलेंडरचं पान उलटायचंच टाळायचो. आणि असं असताना, ही तिघं त्याच्या आधीच वैतागून पळून जावीत असे उद्योग मी वर्षभर केले. काय म्हणायचं ह्या माणसाला?

* * *

माझा पहिला नियम म्हणजे सिग्नल लाल झाला की इंजिन बंद. नुसतं बंद करून भागायचं नाही, मी जाहीरही करायचो, "झालं बंद! वाचलं बघा!" जसं काही पेट्रोल टाकीत परत चढताना मला दिसायचं.

एक दिवस सिग्नल हिरवा झाला, मी किल्ली फिरवली आणि गाडी नुसतीच घुरघुरली. परत फिरवली, तेच. मागं रिक्षा, सिटी बस, त्यामागं आणखी रिक्षा. हॉर्नचा नुसता गोंधळ. एक रिक्षावाला बाहेर डोकं काढून ओरडला, "ओ मास्तर, गाडी हाय का हातगाडी?"

शेख सर उतरले. ट्रॅक पँट, टोपी, गळ्यात शिट्टी. चौकाच्या मध्यभागी जाऊन उभे राहिले आणि अशी शिट्टी मारली की बसवाल्यानं घाबरून ब्रेकच दाबला. "डावीकडून! एका रांगेत! ए रिक्षा, रांग मोडू नको!" आणि लोक ऐकत होते हो! निम्म्या रिक्षावाल्यांना शाळेत त्यांनीच पळवलेलं असणार.

तेवढ्यात झाडाखालून ट्रॅफिक पोलीस आले. मी पावतीच्या तयारीनं काच खाली घेतली. ते माझ्याकडं बघायलाच तयार नाहीत. शेख सरांचं काम थोडा वेळ मन लावून पाहिलं आणि विचारलं, "तुमी रोज ह्याच टायमाला जाताव का?"

"हौ," शेख सर म्हणाले.

"मग रोज हितंच बंद पाडा की गाडी! मी तवर चहा पिऊन येत जातो."

* * *

त्यानंतर तिघांची नाराजी काढायची म्हणून मी एका रविवारी जेवायला बोलावलं. नेमकं त्याच दिवशी मला घरच्या गॅसची बचत सुचली.

पद्धत सोपी आहे. कुकरची पहिली शिट्टी झाली की गॅस बंद करायचा आणि कुकर जाड कापडात गच्च गुंडाळून ठेवायचा. आतल्या वाफेवर बाकीचं आपोआप शिजतं. आता सोलापुरात जाड कापड म्हटल्यावर दुसरं काय शोधायचं! चांगली दुहेरी चादर घेतली, कुकर गुंडाळला. ओट्यावर वसुधानं जागा दिली नाही, म्हणून बाहेरच्या दिवाणावर ठेवला. कलंडू नये म्हणून दोन्ही बाजूंनी उशा लावल्या. वर आणखी एक चादर लांबलचक पांघरली, कारण माझं काम कधी अर्धवट नसतं.

मग मी खाली गेलो. आमच्या बिल्डिंगच्या जिन्यातले दिवे भरदिवसा चालू असतात, ते बंद करायला. वर आलो तर तिघं पाहुणे लिफ्टनं येऊन बसलेले. खुर्च्यांच्या कडेला, हात जोडल्यासारखे, चेहरे पडलेले. कोंडा सरांनी मला जवळ बोलावून कुजबुजत विचारलं, "कधीपासून असं?"

ते कुजबुजले म्हणून मीही कुजबुजलो. "मघाशीच गुंडाळलंय. अजून थोडा वेळ लागेल."

शेख सरांनी डोळे मोठे केले. "सर, कोणाला दाखवलं का?"

"त्यात काय दाखवायचं? मध्येच उघडायचं नाही फक्त. वाफ जाते."

शेवटी बिराजदार मॅडमना राहवलं नाही. त्या उठल्या, दिवाणाजवळ गेल्या आणि पांघरुणाखाली हळूच हात घातला. दुसऱ्या क्षणी केवढ्यानं ओरडल्या! "अय्यय्यो! अंग चटका बसण्यासारखं तापलंय की हो! अन् तुमी दिवे कसले बंद करत फिरताव? डॉक्टरला बोलवा!"

वसुधा ताटं घेऊन बाहेर आली. तिनं शांतपणे पांघरूण काढलं. "ताप नाही हो मॅडम, तुरीची डाळ आहे."

आणि डाळ शिजली होती म्हणाल तर तेही नाही. परत गॅसवर चढवली. पहिल्यापेक्षा जास्त गॅस गेला, हे वसुधानं जेवताना सगळ्यांना वाढता वाढता सांगितलं.

* * *

डिसेंबरात शाळेत ऊर्जाबचतीचा आठवडा होता. ह्या विषयावर शाळेत माझ्याइतका उत्साही दुसरा कोणी नव्हता, म्हणून सगळं माझ्या गळ्यात आलं. मीही ते आनंदानं घेतलं. मुलांच्या दंडाला हिरव्या पट्ट्या बांधल्या, त्यांना 'ऊर्जा पहारेकरी' केलं, आणि एकच नियम पाठ करून घेतला, जे वापरात नाही ते बंद.

पोरांनी धुमाकूळ घातला! हेडसर फोनवर बोलत खोलीबाहेर गेले की त्यांचा पंखा बंद. क्लार्क पाणी प्यायला उठला की कॉम्प्युटर बंद. तो बिचारा दिवसभर तहानलेला बसायला लागला.

शेवटच्या दिवशी हॉलमध्ये माझं भाषण होतं. मी कोळशापासून सुरुवात केली. कोळशावरून पाण्यावर आलो, पाण्यावरून वाऱ्यावर. अणुऊर्जेला हात घालणार तेवढ्यात माईक गेला. मला वाटलं लाईट गेली. वर बघतो तर पंखे फिरताहेत.

हेडसर उठले. "माईक कोणी बंद केला?"

पाचवीतली एक मुलगी उभी राहिली. दंडाला हिरवी पट्टी. "मी केला सर."

"का गं?"

"जोशी सर म्हणले होते की, वापरात नसंल तर बंद करायचं. मी सगळ्या रांगेला विचारलं, कोन ऐकतंय का म्हणून. कुनीच ऐकत न्हवतं."

त्या आठवड्याचं उत्कृष्ट पहारेकरी म्हणून बक्षीस तिलाच मिळालं. ते द्यायला हेडसरांनी मलाच बोलावलं. परतीच्या प्रवासात मागची सीट हसण्यानं हलत होती हे मला स्टिअरिंगपर्यंत कळत होतं.

* * *

जानेवारीत माझ्या डोक्यात वजन शिरलं. गाडीत जितकं वजन जास्त, तितकं पेट्रोल जास्त, हे काय मी नव्यानं शोधलेलं नाही. पण मी ते मनावर घेतलं, तिथं घोटाळा झाला.

आधी पायपुसण्या काढल्या. मग जॅक, पाने, पेटी. मग स्टेपनीसुद्धा! म्हटलं, रस्ता झालाय इतका गुळगुळीत, पंक्चर कसलं होतंय? मग माझी नजर माणसांवर गेली. पायाखाली घ्यायचा वजनकाटा मी डिकीत ठेवला आणि नाक्यावर प्रत्येकाची बॅग मोजायला लागलो. कोंडा सरांना म्हणालो, "पुस्तकं शाळेतच ठेवत जा." शेख सरांना म्हणालो, "क्रिकेटची बॅट रोज कशाला?" मॅडमनाही एकदा काट्यावर उभं राहायची विनंती केली.

"माझं वजन मी माझ्या सासूला पन सांगितलं न्हाय," मॅडम म्हणाल्या, "तुमाला सांगू?" पण दुसऱ्या दिवशी डब्यात नुसत्या कडक भाकऱ्या घेऊन आल्या. माझ्यासमोर एक भाकरी बोटावर तोलून दाखवली. "बघा की सर, वजनच न्हाय! पापड हलका म्हणताव का ही?"

त्याच आठवड्यात पंक्चर झालं. शाळा अजून लांब, आजूबाजूला तुरीची शेतं, आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही. कोणीतरी टायर आणून देईल अशी व्यवस्था फोनवरून झाली आणि आम्ही लिंबाखाली बसलो. भाकरीचा चुरा, शेंगाची चटणी आणि माझ्या अकलेवर चर्चा, असा बेत चालू होता.

तेवढ्यात एक धनगर मेंढरं-बकरी घेऊन आला. मदत करायला म्हणून स्वतःच पुढं झाला. डिकी उघडली आणि आत वाकून बघत राहिला.

"टायर कुटं हाय?"

"घरी."

"जॅक?"

"तोपण घरी."

"मग हे काय हाय?"

"वजनकाटा," मी म्हणालो.

त्याचा चेहरा एकदम उजळला. "बकरं घ्यायला निगालाव व्हय! मग आदी बोलायचं की! माझ्याकडं लई चांगली हायती!" आणि मी काही म्हणायच्या आत त्यानं एक करडू उचलून काट्यावर ठेवलं. कोंडा सरांनी वाकून आकडा वाचला, क्षणभर विचार केला, आणि गणिताच्या तासाला बोलतात त्या गंभीर आवाजात म्हणाले, "बरोबर स्टेपनीएवढं आहे."

"मग हेच लावा की टायरच्या जागी!" मॅडम म्हणाल्या. "निदान मागनं ढकलायला नको, आपनच चालंल!"

शेख सर मात्र हसले नाहीत. टायर येईपर्यंत ते फोनवर एसटीचं टाइमटेबल बघत होते. ते मी पाहिलं, आणि हातातला घास परत डब्यात ठेवला.

* * *

तरी माझी खोड गेली का? मार्च आला. सोलापूरचा मार्च म्हणजे बाकीच्या गावांचा मे. आमच्या गाडीला एसी होता, म्हणजे बटण होतं. त्या बटणावर मी पट्टी चिकटवली होती. वाऱ्याचा विरोध, काच उघडी असताना होणारं नुकसान, एसीमुळं होणारं नुकसान, ह्यावर मी रोज व्याख्यान द्यायचो आणि निष्कर्ष रोज एकच, एसी नको.

एकदा अनवधानानं बोलून गेलो, "गाडी चांगली जोरात असेल तर काचा उघड्या ठेवण्यापेक्षा एसी परवडतो."

"मग चालवा की जोरात!" मॅडम मागून म्हणाल्या.

"जोरात अ‍ॅव्हरेज मिळत नाही."

"मग आमी काय करायचं?"

"दम धरायचा."

कोंडा सरांनी दम धरला नाही, टॉवेल धरला. भावाच्या मागावरचे चार पांढरे टॉवेल आणले, पाण्यात बुडवून पिळले आणि प्रत्येकाच्या डोक्यावर एकेक टाकला. काय गार वाटलं म्हणून सांगू! मी तर म्हटलं, हा शोध माझाच का नाही?

शाळेच्या फाटकातून आम्ही चौघं तसेच आत गेलो. डोक्यावर ओले पांढरे टॉवेल, केसांतून पाणी ठिबकतंय, उन्हानं चेहरे उतरलेले. व्हरांड्यात उभी असलेली मुलं गप्प झाली. शिपायानं टोपी काढली. हेडसर खोलीतून लगबगीनं बाहेर आले, माझा हात हातात घेतला आणि खालच्या आवाजात विचारलं, "कोण हो? जवळचे होते का?"

मला काही कळेना. कोंडा सरांना कळलं. त्यांनी टॉवेलनं तोंड पुसलं आणि माझ्याकडं बोट केलं. "अजून जिवंत आहेत सर. पण असंच चाललं तर पुढच्या आठवड्यात नक्की."

* * *

आता ह्यापुढचं सांगताना हसू येत नाही, पण सांगतो.

एप्रिलमध्ये मला नवीन नाद लागला. शाळेच्या अलीकडं थोडा उतार आहे. तिथं गिअर काढायचा, इंजिन बंद करायचं आणि गाडी नुसती सोडायची ती फाटकापर्यंत. रोज थोडं आणखी अलीकडं बंद करून बघायचं, गाडी पोचते का. धोक्याचं असतं हे, ब्रेक जड होतात, पोरांना मी स्वतः वर्गात सांगितलं होतं. पण माणूस स्वतःच्या वर्गात कधी बसतो का?

एक दिवस गाडी फाटकाच्या थोडी अलीकडंच थांबली. इतकी जवळ, की फाटकावरच्या पाटीचा रंग उडालेला दिसत होता.

"चालू करा सर," शेख सर म्हणाले.

"एवढ्यासाठी चालू करायची? चालू करतानाच सगळ्यात जास्त जळतं!"

तिघं उतरले. गाडी ढकलली. शेख सर, कोंडा सर आणि गुडघ्यांनी बेजार झालेल्या बिराजदार मॅडम. मी आत बसून स्टिअरिंग धरलेलं. सगळी शाळा प्रार्थनेला रांगेत उभी होती आणि आम्ही तिच्यासमोरून असे आत गेलो. मागून सातवीतला कोणीतरी म्हणाला, "जोशी सरांची वरात!" हेडसरही हसले. मीही हसलो. ती तिघं हसली नाहीत.

दुसऱ्या दिवशी नाक्यावर कोणी नव्हतं.

मी थांबलो. म्हटलं, उशीर झाला असेल. फोन करावा तर धीर होईना. तेवढ्यात अक्कलकोटची एसटी शेजारून गेली. खिडकीत शेख सर दिसले, पलीकडं कोंडा सर, आणि मधे दांड्याला धरून उभ्या असलेल्या मॅडम. त्यांनी मला बघितलं की नाही, माहीत नाही. मला बघवलं नाही.

मी एकटाच निघालो. रिकामी गाडी, हलकी, मोकळा रस्ता, एकही सिग्नल लाल नाही. शाळेत पोचून हिशेब लावला आणि थक्क झालो. त्या गाडीनं आजवर दिलेलं सगळ्यात भारी अ‍ॅव्हरेज! "बघा बघा!" म्हणत मी डावीकडं वळलो. तिथं सीटचा पट्टा लोंबत होता. खोटं कशाला सांगू, डोळ्यांत पाणी आलं. साठीला टेकलेला माणूस, अ‍ॅव्हरेज सांगायला कोणी नाही म्हणून रडतोय!

संध्याकाळी शाळा सुटल्यावर मी एसटी थांब्यासमोर गाडी उभी केली. काचा वर, इंजिन चालू, बटणावरची पट्टी काढून टाकलेली आणि एसी पूर्ण मोठा. दार उघडलं आणि नुसता बसून राहिलो. माफी मागायची ठरवली होती, ती एसीनंच मागितली. तिघांनी एकमेकांकडं पाहिलं. आधी मॅडम आल्या, मग बाकीचे. गाडी निघाली. गाव मागं पडल्यावर मागून आवाज आला.

"सर."

"बोला मॅडम."

"बंद करा की तेवढा एसी. सवय न्हाय, नाक गळाय लागलंय."

सगळेच हसायला लागले. इतक्या आनंदानं मी आयुष्यात दुसरं काही बंद केलेलं नाही.

* * *

मेमध्ये रिटायर झालो. नारळ, शाल, भाषणं. माझ्या भाषणाच्या वेळी माईक चालू राहिला, हाच मोठा सत्कार.

गाडी मी शेख सरांना देऊन टाकली. वसुधाला सांगितलं, घरात उभी गाडी म्हणजे बॅटरीचं आणि टायरचं नुकसान. खरं कारण वेगळं होतं. मी नाही तर निदान गाडी तरी त्या तिघांत राहील, असं वाटलं. किल्ली देताना बऱ्याच सूचना दिल्या. शेख सर सगळ्याला "हौ हौ" म्हणत होते, त्यावरून ते एकही पाळणार नाहीत हे कळलं.

जूनमध्ये शाळा उघडली. मी नेहमीसारखा उठलो, आंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला.

"कुठं निघालात?" वसुधानं विचारलं.

"कुठं नाही. बाल्कनीत."

तिनं चहा दिला आणि प्रथमच माझ्या शेजारी उभी राहिली. मला वाटलं, आता शेख सर भवानी पेठेत कोंडा सरांच्या दारात पोचले असतील. आता मॅडम पिशवी सांभाळत बसल्या असतील. पहिल्या दिवशी मॅडम पेढे आणतात. चहा गार झाला.

खाली हॉर्न वाजला.

बघतो तर माझीच गाडी! शेख सर चालवतायत, मागं कोंडा सर आणि मॅडम. आनंद व्हायच्या आधी डोक्यात नकाशा आला आणि मी वरूनच ओरडलो, "अहो, इकडं कुठं आलात? अक्कलकोट रोड कुठं, जुळे सोलापूर कुठं! सगळं गाव पालथं घातलंत! किती पेट्रोल जाळलं?"

शेख सरांनी कानाला हात लावून दाखवलं. ऐकू येत नाही म्हणे.

मी तडक खाली गेलो. खिडकीतून सांगायला सुरुवात केली. "एक तर उलटा रस्ता. त्यात सकाळची गर्दी. परत जाताना तेवढंच अंतर. काही हिशेब?" शेख सरांनी हात लांब करून डावीकडचं दार उघडलं. रस्त्यावर उभं राहून बोलायला बरं दिसत नाही, म्हणून मी आत बसलो आणि पुढचं सांगायला लागलो. टायरमधली हवा कमी वाटत होती, तेही सांगितलं. सीट कोणीतरी मागं सरकवली होती, तेही सांगितलं. बोलता बोलता आसरा चौक गेला, गाव मागं पडलं, तुरीसाठी नांगरून ठेवलेली जमीन दिसायला लागली.

तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं.

"अहो, थांबा! मी रिटायर झालोय!"

"म्हायती हाय की," मागून मॅडम म्हणाल्या आणि पेढ्यांचा डबा पुढं केला.

"मग मला कुठं नेताय?"

"आमी कुटं नेतोय सर? आमी शाळेला चाललोय. तुमी आपनहून येऊन बसलाव!"